मोहरी तडतडेपर्यंत

गेल्या जूनमध्ये एका रात्री साडेदहाला माझ्या भाच्याचा फोन आला. नोकरीसाठी पुण्याला जाऊन त्याला जेमतेम अकरा दिवस झाले होते. कोथरूडला दोन मित्रांबरोबर भाड्याचं घर, तिघांत मिळून एक शेगडी आणि एक सिलिंडर.

"मावशी, घरात गॅसचा वास येतोय. वरची छोटी खिडकी उघडलीय. एक्झॉस्ट फॅन लावू का?"

"फॅन लावू नकोस. दिवा लावू नकोस, लागलेला असेल तर बंदही करू नकोस. रेग्युलेटर बंद कर, दारं-खिडक्या सताड उघडा, तिघंही खाली या आणि मग मला फोन कर."

दहा मिनिटांनी त्याचा फोन आला तेव्हा आवाजातली थरथर कमी झाली होती. दूध उतू जाऊन ज्योत विझली होती आणि शेगडीचं बटण तसंच चालू राहिलं होतं. थोडक्यात निभावलं. पण त्याचा पुढचा प्रश्न माझ्या मनात राहिला. "मी खिडकी उघडली होती ना गं, मग वास का जात नव्हता?"

हा मुलगा विलेपार्ले पूर्वेला वाढला. त्याच्या घरात त्याला आठवतंय तेव्हापासून पाइपचा गॅस आहे. पाइपमधून येतो तो मुख्यतः मिथेन. त्याचं वजन हवेच्या निम्म्याहून थोडंच जास्त, म्हणून गळती झाली तर तो छताकडे चढतो आणि वरच्या खिडकीतून निघून जाऊ शकतो. सिलिंडरमध्ये असतात प्रोपेन आणि ब्युटेन. हे वायू हवेच्या दीडपट ते दुप्पट जड. ते खाली उतरतात, ओट्याखाली, फ्रीजच्या मागे, कोपऱ्यात साचून राहतात. वरची छोटी खिडकी त्यांच्या कामाची नाही, त्यांना जमिनीलगत बाहेर पडायला दार हवं. आणि पंख्याचं किंवा दिव्याचं बटण दाबताना आत जी बारीकशी ठिणगी उडते, ती आपल्याला दिसत नसली तरी साचलेल्या गॅसला पुरते. या वायूंना स्वतःचा म्हणावा असा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यांत इथाइल मरकॅप्टन नावाचं उग्र वासाचं रसायन मुद्दाम मिसळतात. सिलिंडरच्या गळतीसाठी १९०६ हा देशभर चालणारा चोवीस तासांचा नंबर आहे, तो त्या तिघांपैकी एकाच्याही फोनमध्ये नव्हता.

माझा भाचा इंजिनियर आहे. मिथेनचं सूत्र त्याला शाळेपासून पाठ. पण आपल्या घरातला गॅस वर जातो आणि परक्या घरातला खाली बसतो, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं, आणि त्या 'कुणी'मध्ये मीही आले. नाक हे घर सांभाळण्याचं पहिलं साधन. पार्ल्यात वाढलेल्या माझ्या पिढीचं नाक स्टेशनाजवळच्या बिस्किटांच्या कारखान्यानं तयार केलं. १९२९ साली सुरू झालेला तो कारखाना २०१६ मध्ये बंद झाला, तोवर वारा कुठून वाहतोय हे आम्ही बिस्किटांच्या वासावरून सांगत असू. त्या नाकाचा घरात उपयोग कसा करायचा, करपण्याआधीचा वास कोणता, दूध नासण्याआधीचा कोणता, वायर तापल्याचा कोणता, हे मात्र आम्ही आईच्या आसपास वावरून शिकलो. आमच्या मुलांना आम्ही तेवढं आसपास वावरू दिलं नाही. "तू अभ्यास कर, मी बघते" हे वाक्य पार्ल्यातल्या किती घरांत किती वर्षं म्हटलं गेलं असेल! प्रेमानंच म्हटलं गेलं. त्याची किंमत मुलगा घर सोडतो त्या दिवशी कळते.

मराठी समाजात मुलगा शिकायला किंवा कमवायला घराबाहेर पडणं नवं नाही. दीडशे वर्षांपूर्वी पुण्याला शिकायला गेलेला गरीब ब्राह्मणाचा मुलगा वार लावून जेवायचा. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. ज्याला वारही मिळाले नाहीत तो माधुकरी मागायचा. कोकणातून, घाटावरून मुंबईच्या गिरणीत आलेला कामगार बायको-मुलांना गावी ठेवून खोलीत दहा-बारा जणांबरोबर राहायचा आणि खाणावळीत जेवायचा. या खाणावळी चालवणाऱ्या बहुतेक बायकाच. त्यांना संघटित करून बँकेचं कर्ज मिळवून देण्यासाठी प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. आज पार्ल्यात थोड्या थोड्या अंतरावर पोळी-भाजी केंद्र दिसतं, ते याच परंपरेतलं. या सगळ्या सोयींबद्दल मला मनापासून आदर आहे. हजारो मुलं त्यांवर शिकली, हजारो बायका स्वतःच्या पायावर उभ्या राहिल्या. पण एक गोष्ट त्यातून दिसते. घराबाहेर पडलेल्या पुरुषाचं पोट कुणीतरी बाई भरेल अशी व्यवस्था आपण पिढ्यान्‌पिढ्या करत आलो. त्याला स्वतःला शिकण्याची वेळच आपण येऊ दिली नाही.

मुलींना शिकवलं, ते वेगळ्या कारणासाठी. धोंडो केशव कर्वे यांच्या हातात जपानमधल्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका पडली आणि १९१५ च्या सामाजिक परिषदेच्या भाषणात त्यांनी तशा विद्यापीठाची कल्पना मांडली. १९१६ साली ते पुण्यात सुरू झालं. पुढे १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १५ लाखांची देणगी दिली आणि त्यांच्या मातोश्रींच्या नावानं विद्यापीठ ओळखलं जाऊ लागलं. घर चालवण्यामागे शास्त्र आहे, ते अभ्यासक्रमात असलं पाहिजे, हा कर्व्यांचा विचार त्या काळात धाडसाचा होता. जुहू तारा रस्त्यावर विद्यापीठाचं आवार आहे, तिथे गृहविज्ञानाचं महाविद्यालय आहे, पार्ल्याहून बसनं थोड्याच वेळात पोचता येतं. पण ते शास्त्र मुलींच्या वाट्याला आलं आणि मुलींच्याच वाट्याला राहिलं. गंमत म्हणजे ज्या जपानकडून आपण ही कल्पना घेतली, त्या जपाननं पुढे गृहविज्ञान मुलग्यांनाही सक्तीचं केलं: माध्यमिक शाळेच्या खालच्या वर्गांत १९९३ पासून, वरच्या वर्गांत १९९४ पासून. तिथला मुलगा आज शाळेत भात लावायला, बटण शिवायला आणि घरखर्च मांडायला शिकतो. आपण कल्पना आणली आणि अर्ध्या वाटेवर थांबलो.

आपल्याकडे कोठारी आयोगानं १९६६ च्या अहवालात कार्यानुभवाचा आग्रह धरला होता. माझ्या शाळेत त्या तासाला आम्ही क्रेप कागदाची फुलं केली. फुलं छान झाली होती. पण चौदा वर्षांच्या मुलाला फ्यूज म्हणजे काय आणि तो का उडतो हे शिकवण्याची ती जागा होती, असं आता वाटतं. त्याहून आधी, १९३७ साली, वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी नई तालीम मांडली. सेवाग्रामला आशादेवी आणि आर्यनायकम यांनी ती प्रत्यक्षात आणली. सूतकताई, शेती, सफाई, स्वयंपाकघर यांच्याभोवती शिक्षण रचायचं. सेवाग्रामच्या आनंद निकेतन शाळेत आजही मुलगे-मुली शेतात राबतात आणि रांधतातही. किती माणसांना किती डाळ लागेल हे ज्या मुलानं एकदा स्वतः काढलं, त्याला त्रैराशिक वेगळं शिकवावं लागत नाही.

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयानं २०१९ मध्ये देशभर पाहणी केली, की माणसं दिवसाचा वेळ कसा घालवतात. घरच्यांसाठी बिनपैशाचं घरकाम बायकांपैकी ८१.२ टक्के करत होत्या आणि पुरुषांपैकी २६.१ टक्के. जे करतात त्यांतही बाईची रोजची सरासरी २९९ मिनिटं आणि पुरुषाची ९७. पुढच्याच वर्षी मार्चअखेर टाळेबंदी आली, कामाला येणाऱ्या मावशी येईनाशा झाल्या आणि आमच्या इमारतीतल्या बहुतेक घरांत ही मिनिटं पहिल्यांदा उघड्या डोळ्यांनी दिसली. काही घरांत तेव्हा शिकलेली मुलं आजही स्वतःचं ताट-वाटी घासतात. काही घरांत मावशी परत आल्या आणि सगळं पूर्ववत झालं.

तर शिकायचं म्हणजे नेमकं काय शिकायचं? कृती आज कुठेही मिळते. फोनवर बोट फिरवलं की वरणापासून वायसर बदलण्यापर्यंत सगळं दिसतं. मिळत नाही तो अंदाज. आपल्या भाषेत स्वयंपाकाचा हा मुख्य शब्द आहे. मीठ अंदाजानं, पाणी अंदाजानं, आच अंदाजानं. आणि अंदाज सांगता येत नाही म्हणूनच तर शिकणारा रडकुंडीला येतो.

हे कोडं सोडवण्याचा प्रयत्न मराठी बायकांनी शंभर वर्षांहून अधिक काळ केला आहे. लक्ष्मीबाई धुरंधर यांचं 'गृहिणी-मित्र अथवा एक हजार पाकक्रिया' १९१० साली आलं. कमलाबाई ओगले यांचं 'रुचिरा' १९७० साली आलं, आणि त्यात त्यांनी जे केलं ते मला फार मोलाचं वाटतं. प्रत्येक घरात असणारी वाटी आणि चमचा हेच त्यांनी माप धरलं. सासूच्या हाताकडे बघत शिकणं जिच्या नशिबात नव्हतं, जी लग्न होऊन दिल्लीला किंवा अमेरिकेला गेली होती, तिच्या हातात त्यांनी अंदाजाची मोजपट्टी दिली. किती मुलींच्या सामानात ते पुस्तक आईनं घातलं असेल. मुलाच्या सामानात घातलेलं मी अजून पाहिलेलं नाही. भाच्याला मी दिलं, पण त्या फोननंतर. आधी सुचलं नाही.

वाटी-चमच्याच्याही पलीकडे अंदाजाचा एक भाग उरतो. तो कारण कळलं की सोपा होतो. फोडणी घ्या. तेल तापवून मोहरी घाला, एवढं कुणीही सांगेल. तेल किती तापवायचं? उत्तर मोहरीच देते. दाण्याच्या आत थोडं पाणी असतं. पुरेशा तापलेल्या तेलात त्याची क्षणात वाफ होते आणि टरफल फुटतं, तीच तडतड. तेल थंड असेल तर मोहरी गप्प पडून राहते आणि पुढे भाजीत कडवट लागते. तेलातून धूर निघत असेल तर तडतडायच्या आधीच काळी पडते. म्हणजे मोहरी हे फोडणीचं तापमापक आहे, आणि म्हणूनच ती पहिली. मग जिरं. हिंग आणि हळद शेवटी, गॅस बारीक करून, कारण पूड काही क्षणांत जळते. ती पाण्यात टाकून का भागत नाही? हळदीचा रंग आणि हिंगाचा सुगंध तेलात उतरतात तसे पाण्यात उतरत नाहीत. तेल तो स्वाद धरून ठेवतं आणि सगळ्या भाजीला पोचवतं. एवढं समजलं की माणूस पाककृती न बघता कुठलीही भाजी करू शकतो. माझ्या भाच्याला हे सांगायला मला चार मिनिटं लागली. वीस वर्षांत ती चार मिनिटं आम्हाला कुणालाच मिळाली नव्हती.

कुकरचंही तसंच. "तीन शिट्ट्या कर" हे आपल्याकडचं सार्वत्रिक माप, आणि ते फसवं आहे. बंद कुकरमध्ये वाफ कोंडून दाब वाढतो. बाहेरच्या हवेच्या जवळजवळ दुप्पट झाला की पाणी १०० ऐवजी सुमारे १२० अंशांवर उकळतं. तापमान एवढं वाढलं की डाळ शिजायला लागणारा वेळ कितीतरी पटीनं कमी होतो. शिट्टी म्हणजे जास्तीचा दाब बाहेर पडल्याचा आवाज. पहिली शिट्टी झाली की कुकर पूर्ण दाबाला पोचला. तिथून आच मोठी ठेवली तरी आतलं तापमान वाढत नाही, वाफ आणि गॅस तेवढा वाया जातो. म्हणून पहिल्या शिट्टीनंतर गॅस बारीक करायचा आणि घड्याळ बघायचं. माझ्या कुकरच्या तीन शिट्ट्या आणि भाच्याच्या मित्राच्या आईनं दिलेल्या जुन्या कुकरच्या तीन शिट्ट्या सारख्या नसतात. दहा मिनिटं मात्र दोन्हीकडे सारखीच. शिट्टी आलीच नाही तर गॅस बंद करून थांबायचं. झाकण थंड होईतो उघडायचं नाही, मग शिट्टीखालची नळी आणि झाकणाची रिंग तपासायची. आणि चिंच, आमसूल, टोमॅटो हे डाळ शिजल्यावर, कारण आंबटपणा असला की डाळीच्या पेशींना बांधून ठेवणारं पेक्टिन लवकर विरघळत नाही आणि डाळ तासभर कचकचीत राहते.

शिळ्या भाताबद्दल मला जरा जास्त बोलायचं आहे, कारण घराबाहेर राहणारी मुलं सगळ्यात जास्त तोच खातात. तांदळावर बॅसिलस सिरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असतात. भात उकळला तरी ते मरत नाहीत. शिजलेला भात मुंबईच्या दमट उकाड्यात ओट्यावर पडून राहिला की ते जागे होतात, वाढतात आणि विष तयार करतात. हे विष पुन्हा गरम केल्यानं जात नाही. म्हणजे सकाळचा भात दिवसभर बाहेर ठेवून रात्री छान फोडणीचा भात केला, तरी धोका तसाच. उलटी, जुलाब, आणि आपण दोष देतो बाहेरच्या वडापावाला. उपाय साधा: उरलेला भात पसरून निववायचा आणि दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवायचा. पातेलंभर भात तसाच गरम झाकून ठेवला तर मधला भाग तासन्‌तास कोमट राहतो, जिवाणूंना हवा तसा.

आणि संडास-न्हाणीघर धुताना एक गोष्ट जन्मात विसरायची नाही. संडास साफ करण्याच्या द्रावणात बहुधा हायड्रोक्लोरिक आम्ल असतं. कपडे पांढरे करायच्या ब्लीचमध्ये सोडियम हायपोक्लोराइट. जास्त स्वच्छ व्हावं म्हणून दोन्ही एकत्र ओतली की क्लोरिन वायू सुटतो. बंद न्हाणीघरात तो फुप्फुसं जाळतो.

विजेचं मी थोडक्यात सांगते. दोन हजार वॉटचा गीझर २३० व्होल्टवर जवळजवळ नऊ ॲम्पियर ओढतो, म्हणून त्याला १६ ॲम्पियरचा जाड पिनांचा सॉकेट लागतो. ६ ॲम्पियरच्या एक्स्टेन्शनवर तो लावला की वायर तापते आणि आग लागू शकते. एमसीबी पडला तर पुन्हा पुन्हा वर ढकलायचा नाही, आधी शेवटचं लावलेलं यंत्र काढायचं. नव्या घरात राहायला गेल्याच्या पहिल्या दिवशी मेन स्विच कुठे आणि पाण्याचा मुख्य कॉक कुठे हे हात लावून बघून ठेवायचं. नळ तुटून पाण्याचं कारंजं उडतं तेव्हा ते शोधायला वेळ नसतो.

घर भाड्यानं घेतानाचा करारही याच शिक्षणात येतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणी केलेला असावा लागतो आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची असते. ती झाली नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरलं जातं. अनामत रक्कम परत मिळवताना हे ठाऊक असलेला बावीस वर्षांचा मुलगा आणि ठाऊक नसलेला, यांच्यात फार अंतर पडतं.

आता ज्या गोष्टीसाठी मला पार्ल्याचा विशेष अभिमान वाटतो तिच्याकडे येते. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ साली बिंदुमाधव जोशी, सुधीर फडके अशा मंडळींच्या पुढाकारानं सुरू झाली, तिचं मुख्यालय विलेपार्ले पश्चिमेला आहे. तिची पद्धत अशी: आसपासच्या काही कुटुंबांनी मिळून एक संघ करायचा, प्रत्येकानं महिन्याच्या वाणसामानाची मागणी आगाऊ द्यायची, पंचायत घाऊक खरेदी करणार, माल संघापर्यंत येणार आणि सभासदांनीच तो आपापसांत वाटून घ्यायचा. दुकानदार मध्ये नाही. यात स्वस्त आणि चांगला माल मिळतो हे तर आहेच. पण मला आठवते ती आईची यादी. मागणी आगाऊ द्यायची म्हणजे पुढच्या महिन्यात घरात काय लागेल ते आज ठाऊक हवं. आई डबे उघडून बघायची, मागच्या महिन्याचं काय उरलं ते पाहायची, कोण पाहुणे येणार, कोणता सण, उपवास किती, हे बोटांवर मोजायची आणि मग लिहायची: तूरडाळ तीन किलो, साबुदाणा एक, रवा दोन. पावसाळ्यात रवा कमी, कारण पार्ल्याच्या दमट हवेत त्याला लगेच अळ्या होतात. आला की कोरडाच भाजून ठेवायचा, म्हणजे किड्यांची अंडी मरतात. वाटपाच्या दिवशी आम्ही मुलं तराजूपाशी उभी असायचो. तिथे मला किलोभर डाळ डोळ्यांना केवढी दिसते ते कळलं.

आज दहा मिनिटांत घरी सामान येतं. सोय मोठी आहे, मीही वापरते. पण त्यामुळे महिन्याचा विचार करण्याची गरजच मुलांना पडत नाही आणि पगार कुठे गेला हे महिनाअखेर कळत नाही. म्हणून मी भाच्याला आकडे दिले. एक किलो कणकेच्या पातळ पोळ्या ३५ ते ४० होतात. दिवसाला सहा पोळ्या धरल्या तर महिन्याला १८०, म्हणजे कणीक पाच किलो. रोज एका वेळच्या भाताला ७५ ग्रॅम तांदूळ, महिन्याला सव्वादोन किलो. रोज ४० ग्रॅम तूरडाळ, महिन्याला सव्वा किलो. हे माझे आकडे आहेत. त्याला सांगितलं, की तीन महिने स्वतःचे लिहून ठेव, मग माझे खोडून टाक.

भाच्याच्या त्या फोननंतर माझ्या बहिणीनं धाकटीच्या बाबतीत वेगळं केलं. मुलगी वीस वर्षांची, पार्ल्याच्याच कॉलेजात शेवटच्या वर्षाला, पुढे शिकायला जर्मनीला जायचं ठरलेलं. ऑगस्टचा महिना घर तिच्या हातात दिलं, पूर्ण. मदत करायची नाही, विचारल्याशिवाय सांगायचं नाही. पैसे, यादी, दूध, कचरा, कामाच्या मावशींची सुट्टी, गॅसचं बिल, पाणी भरणं, सगळं तिचं. बहिणीला ते फार जड गेलं. पहिल्या आठवड्यात स्वयंपाकघरात तिचा हात सवयीनं पुढे जायचा आणि ती तो ओढून घ्यायची. दुसऱ्या आठवड्यात डाळ संपली आणि चार दिवस घरानं पिठलं खाल्लं. एकदा भात रात्रभर ओट्यावर राहिला. सकाळी मुलीनं तो गरम करून डब्यात भरायला घेतला, तेव्हा मात्र आईनं नियम मोडला आणि तिला बॅसिलस सिरियसची गोष्ट सांगितली. तो भात टाकून देताना पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. चुका करायच्या तर त्या इथे कराव्यात. इथे चुकीला पिठलं आहे, जर्मनीत कुणी नाही.

साने गुरुजींच्या 'श्यामची आई'त श्यामला पत्रावळ लावता येत नाही म्हणून आई त्याला ती शिकायला भाग पाडते. लहानपणी ती गोष्ट वाचताना मला आई कठोर वाटायची. ऑगस्टमध्ये बहिणीकडे बघताना कळलं, की कठीण खरं तर आईलाच जातं. चार काड्या टोचून पत्रावळ स्वतः लावून देणं तिला केव्हाही सोपं होतं.

महिन्याच्या शेवटी मुलीनं पुढच्या महिन्याची यादी केली. तिनं आजीची पद्धत कधी पाहिली नव्हती, तरी डबे उघडून उरलेलं आधी मोजलं. गणपती येणार म्हणून गूळ आणि तांदळाची पिठी वाढवली. रवा कमी लिहिला.

भाच्याचा फोन परवा पुन्हा आला, रात्रीच.

"मावशी, पाच किलो कणीक तेवीस दिवसांतच संपली. तुझा हिशोब चुकला."

"तुझ्या पोळ्या जाड होत असतील," मी म्हटलं. "किंवा मित्र खात असतील."

"दोन्ही," तो म्हणाला. "वहीत साडेसहा किलो लिहिलंय आता."